हार घातलेली रिकामी चौकट

१

चौकट जागेवरच होती. काच होती, मागचा पुठ्ठा होता, वर शेवंतीचा हार होता. आतला फोटो तेवढा नव्हता.

न्हावऱ्याच्या धुरपदाबाई कोरेकर सकाळच्या एस.टी.नं ही चौकट छातीशी धरून शिरूरला आल्या होत्या. आपलं जेवण सगळ्यांच्या आधी आटोपून त्या डाक बंगल्याच्या दिवाणखान्यात गेल्या, हार जरा सारखा करायला हात पुढं केला, आणि अशा ओरडल्या की व्हरांड्यात आमचे घास हातातच राहिले.

"माझा मच्छिंदर कुटं गेला?"

आम्ही धावलो. टेबलावर चौकट नीट उभी होती आणि हाराच्या मधोमध पिवळट पुठ्ठा दिसत होता. म्हातारीनं तो पुठ्ठा बोटांनी चाचपून पाहिला. मुलाला जाऊन चार वर्षं झाली होती, पण ती त्या क्षणी अशी रडली की जणू आत्ताच तार आली. मला ते बघवेना.

आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेही बरोबरच होतं म्हणा. मी हौसराव, शिरूरच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. तो फोटो स्टुडिओत नेऊन मोठा करून द्यायचं काम माझ्याकडं होतं. म्हणजे चोरी झाली तेव्हा माल माझ्या नावावर! मी खिसे उलटे करून दाखवले आणि वर दोन शब्दही सुनावले. पण त्यानं फोटो थोडाच परत येणार होता?

"पोलिसात नको," हवाई दलाचे पाहुणे म्हणाले. "हा आमच्या घरचा मामला आहे. पण संध्याकाळच्या आत फोटो मिळाला पाहिजे."

"मग साहेबरावांना बोलवा," मी म्हणालो.

२

साहेबराव येईपर्यंत सकाळची हकीकत सांगून टाकतो.

पाहुणे म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट गुर्जर, हवाई दलातला तरुण अधिकारी. त्यांच्या लढाऊ स्क्वाड्रनला पंचवीस वर्षं होत होती. घार हे त्या स्क्वाड्रनचं चिन्ह. एकावन्न साली जुन्या व्हॅम्पायर विमानांवर ती उभी राहिली, मग हंटर विमानं आली, पासष्टची लढाई झाली, एकाहत्तरची झाली. हा सगळा इतिहास पुस्तकरूपानं छापायचा होता, आणि त्यासाठी गुर्जर जुन्या माणसांना भेटत, फोटो गोळा करत हिंडत होते. आमच्या भागातली तिघं त्यांनी शिरूरला बोलावली होती.

पहिले विंग कमांडर राजाध्यक्ष. निवृत्त होऊन दौंडला बंगला बांधून राहिलेले, ताठ मानेचे, एकाहत्तरचं शौर्यपदक मिळवलेले. दुसरा मांडवगण फराट्याचा चांगदेव. हवाई दलात तो इंधनाची गाडी चालवायचा, आता शिरूर डेपोत एस.टी. चालवत होता. तिसऱ्या धुरपदाबाई, मच्छिंद्रच्या आई. त्यांच्याबरोबर त्यांची सून ललिता होती. ती दौंडच्या एका शाळेत शिकवायची.

मच्छिंद्र कोरेकर म्हणजे न्हावऱ्याचा पहिला वैमानिक. एकाहत्तरच्या लढाईत राजाध्यक्षांच्या जोडीला उडाला आणि परत आला नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

चहा झाल्यावर धुरपदाबाई म्हणाल्या, "माझ्या पोराचं काय लिवलंय त्ये वाचा की, सायेब."

गुर्जर घुटमळले. म्हातारीनं पिच्छा सोडला नाही. शेवटी त्यांनी खाली मान घालून मसुद्यातली ओळ वाचली. शत्रूची गाठ पडताच फ्लाइंग ऑफिसर कोरेकर जोडीदाराला सोडून अलग झाले, सामना टाळून दुसऱ्याच धावपट्टीवर उतरले, आणि तिथून तळाकडे परतताना विमान कोसळून मृत्यू पावले.

म्हातारीला सगळे शब्द कळले नसतील, पण अर्थ बरोबर कळला.

"म्हंजी पळाला म्हंता?"

राजाध्यक्ष खिडकीबाहेर पाहायला लागले. ती साक्ष त्यांचीच होती.

"आई, हा अजून मसुदा आहे," गुर्जर म्हणाले. "पण मी आज संध्याकाळी दौंडहून गाडी पकडणार आणि थेट छापखान्यात जाणार. त्याआधी कुणी काही वेगळं दाखवलं तर ओळ बदलता येईल. नाहीतर जे आहे ते छापावं लागेल."

"माझा पोर पळायचा न्हाई," म्हातारी म्हणाली. तिच्याकडं याउपर पुरावा कुठला असणार? तिनं चौकट पुढं केली. "ह्यो बगा त्येचा तोंडावळा. ह्यो पळल व्हय?"

भिंग माझ्या खिशात असतंच. मी काचेवरून फोटो पाहिला. विमानाच्या नाकाशी उभा असलेला देखणा पोरगा, ओठांवर हसू, काखेत शिरस्त्राण. काच जुनी, त्यावर ऊन चमकत होतं, बारीकसारीक धड दिसेना. म्हणून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दुपारी चौपट मोठा करतो. विमानावर माशी बसली असेल तर तीही दिसेल!" स्वतःच्या धंद्याची बढाई मारायची मला खोडच आहे.

"कुणी काढलाय हा?" गुर्जरांनी विचारलं.

"म्याच," चांगदेव म्हणाला. "लढाईच्या आदी. म्हैनाभर आदी आसंल."

मग मला वाटलं, आलीच आहेत माणसं तर एक ग्रुप फोटो होऊन जाऊ दे. मी तिपाई लावली तर गुर्जर हसत उठले. "आता नको, हौसराव. निघायच्या तोंडावर आम्ही फोटो काढून घेत नाही. आमच्या स्क्वाड्रनमध्ये उड्डाणाआधी कॅमेरा दिसला तरी लोक शिव्या देतात. उतरल्यावर हवे तेवढे काढा."

"हसण्यावारी नेऊ नका," राजाध्यक्ष म्हणाले. "पासष्टला एकानं हौसेनं काढून घेतला. तो गेला तो गेलाच. तेव्हापासून नियम म्हणजे नियम."

आमच्या बायाबापड्या मांजर आडवं गेलं तर थांबतात, त्यांना आपण हसतो. इथं आगीच्या लोळातून विमानं नेणारे लोक माझ्या कॅमेऱ्याला भीत होते! मी तिपाई आवरली. चांगदेव तेवढ्यात मटण कुठवर आलं बघतो म्हणून उठून गेला.

पुढं जेवणं. हात धुवायचं पाणी मागच्या अंगणात होतं आणि तिकडं जायची वाट दिवाणखान्यातूनच होती. म्हणजे प्रत्येक जण त्या चौकटीवरून एकटा गेला होता.

३

साहेबराव ओव्हाळ दौंडला रेल्वे पोलिसात फौजदार होते. निवृत्तीनंतर शिरूरला आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. बोलणं कमी, ऐकणं फार. आले, सगळ्यांना जयभीम घातला, धुरपदाबाईंच्या समोर खाली बसले आणि म्हणाले, "मावशी, फोटो हाय. कुठं जात न्हाई." मला त्यांचा रागच आला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून आणणार होते हे?

मग त्यांनी चौकट उलटी करून पाहिली. पुठ्ठ्याचे बारीक खिळे वाकवून पुन्हा नीट बसवले होते. हाराचं एक फूलही तुटलं नव्हतं.

"हौसराव, चोरी करणाऱ्यानं हार आधी काढला आसंल ना? त्याशिवाय चौकट उलटी करता येत न्हाई."

"काढला असेल."

"मग परत का घातला?"

"कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून."

"तसं आसतं तर चौकट पालथी ठेवली आसती. हार घालून समोर उभी केली म्हंजी पहिल्या नजरेत दिसणार. त्याला रिकाम्या चौकटीचा हार काढवला न्हाई." साहेबरावांनी चौकट खाली ठेवली. "त्यो फोटो फाडणार न्हाई. म्हणून म्हणलं, हाय."

राजाध्यक्ष व्हरांड्यात येरझारा घालत होते. साहेबरावांनी आडपडदा ठेवलाच नाही.

"साहेब, फोटो मोठा झाला आसता तर तुमचं काही बिघडलं आसतं का?"

राजाध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "माझं पदक त्या फोटोवर टांगलेलं नाही! मी जे पाहिलं तेच सांगितलं. शत्रूची दोन विमानं होती. एक माझ्या पुढं, एक माझ्या मागं. मी मान वळवून पाहिलं तर कोरेकर डावीकडं वळून निघून चाललेला. हाका मारल्या, रेडिओवर खरखर. मी एकटा उरलो. पुढचं विमान पाडलं."

"आन् मागचं?"

"ते मला खाणारच होतं. पुन्हा वळून पाहिलं तर मागं आकाश रिकामं. खालच्या आमच्या तोफांनी पाडलं असणार, त्यांनी तसा दावाही केला. माझं नशीब म्हणायचं. विमान जखमी झालं होतं, मी दुसरीकडंच उतरलो. कोरेकर मला पुन्हा दिसला नाही."

"गाठ पडली की विमानात पहिलं काम काय करता?"

"पंखाखालच्या जादा टाक्या सोडून देतो. त्या लटकलेल्या असताना लढता येत नाही." राजाध्यक्ष थांबले. "तुम्हाला हे कशाला हवंय?"

"सहज इचारलं."

साहेबराव वळले तेव्हा राजाध्यक्षांनी मागून आवाज दिला. "फौजदार, हात धुवायला जाताना मी दिवाणखान्यातून गेलो. तेव्हा फोटो आत होता. आणि चौकटीवर हात ठेवून ललिता उभी होती."

४

ललितानं नाही म्हटलं नाही.

"घ्यायलाच गेले होते," ती म्हणाली. डोळे कोरडे होते. "खाली पळपुटा म्हणून छापायचं आणि वर त्यांचा हसरा फोटो लावायचा? गावागावात ते पुस्तक जाणार. शाळेत माझ्या वर्गातली पोरं ते वाचणार. त्यापेक्षा फोटोच नको."

"मग घेतला?"

"राजाध्यक्ष साहेब आले म्हणून मी बाहेर आले. थोड्या वेळानं पुन्हा गेले तर आत नुसता पुठ्ठा. मला वाटलं, आत्याबाईंनीच काढून पदराखाली घेतला. बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू?"

माझा तिच्यावर विश्वास बसेना. मी साहेबरावांना डोळ्यानं खुणावलं, पिशवी बघा म्हणून. त्यांनी माझ्याकडं लक्षच दिलं नाही.

"बाई, लढाईच्या आदी मच्छिंद्र कुठं व्हता?"

"घरी. न्हावऱ्याला. काविळीनं अंथरुणाला खिळले होते, दिवाळीच्या आधीपासून. लढाई सुरू झाल्याचं रेडिओवर ऐकलं आणि हट्टानं उठून गेले. पोचल्यावर एकदाच उडाले. ते हेच."

"आन् हा फोटो तुमच्याकडं कसा आला?"

"चांगदेवभाऊंनी आणून दिला. दहाव्याच्या दिवशी. उंबऱ्याबाहेरनंच आत्याबाईंच्या हातात दिला आणि गेले. दोघं एका तालुक्यातले, एका स्क्वाड्रनमधले, तिकडं सख्ख्या भावासारखे राहायचे. पण त्यानंतर आमच्या घरात त्यांनी पाऊल टाकलं नाही. न्हावऱ्याच्या थांब्यावर आत्याबाई दिसल्या की गाडीत मान फिरवून बसतात."

साहेबराव उठलेच. "चांगदेव कुठं हाय?"

मी व्हरांड्यात पाहिलं, अंगणात पाहिलं. खानसामा म्हणाला, त्यांची ड्यूटी होती, म्हातारी ओरडायच्या आधीच ते डेपोत गेले. दौंडची गाडी घेऊन.

"जीप काढा, साहेब," साहेबराव गुर्जरांना म्हणाले. "आन् सगळे चला."

५

एका जीपमध्ये आम्ही इतके कोंबलो होतो की बाजाराला निघालेल्या कोंबड्यांनाही आमची दया आली असती. धुरपदाबाई रिकामी चौकट मांडीवर घेऊन पुढं बसल्या होत्या. आणीबाणीचे दिवस, आगगाड्या वेळेवर सुटायच्या. गुर्जर सारखे घड्याळ बघत होते.

न्हावऱ्याच्या अलीकडं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. कारखाना सुरू होता, रस्ताभर गाड्याच गाड्या. जीप मुंगीच्या पावलांनी चालायला लागली आणि पुढं एस.टी.चा मागमूस नाही.

"हौसराव," मागून साहेबराव म्हणाले, "फोटो फक्त तुमी भिंगातनं बघितलाय. जे दिसलं ते सगळं सांगा. वगळू नका."

मी डोळे मिटले. फोटो पाहणं हा माझा धंदा आहे. "हसरा चेहरा. केस घामानं चप्प बसलेले. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर दाबल्यासारखे वळ. चष्मा काढल्यावर उमटतात तसे, पण मोठे. कमरेला पट्टा, पट्ट्याला पिस्तुलाची पिशवी. मागं विमान. पंखाखाली काही नव्हतं. विमानाच्या नाकाखाली काळपट डाग होते, ते मी काचेवरचे समजलो."

जीपमध्ये राजाध्यक्षांची हालचाल झाली. "पिस्तूल? तुमची खात्री आहे?"

"का हो?"

"पिस्तूल आम्ही फक्त लढाईत बांधतो. शत्रूच्या हद्दीत उतरावं लागलं तर म्हणून."

"बगा," साहेबराव म्हणाले. "चांगदेव सांगतो, फोटो लढाईच्या म्हैनाभर आदीचा. तवा मच्छिंद्र घरात काविळीनं पडलेला. आन् कमरेला पिस्तूल, म्हंजी फोटो लढाईतला. लढाईत त्यो एकदाच गेला. तुमी सगळे म्हंता, उडायच्या आदी फोटो काढत न्हाईत. गालावर वळ कशाचे, साहेब?"

"ऑक्सिजनच्या मुखवट्याचे," राजाध्यक्षांचा आवाज खाली आला. "उतरल्यावर थोडा वेळ राहतात."

"म्हंजी फोटो त्याच दिवसाचा. मधल्या धावपट्टीवर उतरला तवाचा. चांगदेवची इंधनाची गाडी तिथंच आसणार."

"मग त्यात चोरी करण्यासारखं काय आहे?" मी विचारलं.

"उतरल्यावरचा फोटो हाय, पण मच्छिंद्रला तिथनं परत उडायचं व्हतं." साहेबराव म्हणाले. "म्हंजी उडायच्या आदीचा बी हाय. आन् त्यो परत आला न्हाई."

धुरपदाबाईंनी हे ऐकलं की नाही, मला पाठमोरं कळलं नाही. बैलगाड्या सरल्या आणि जीपनं वेग घेतला.

६

दौंडच्या स्टँडवर शिरूरची एस.टी. उभी होती. ड्रायव्हरची जागा रिकामी. कंडक्टर म्हणाला, "शिरूरपास्नं गप गप व्हता. गाडी लावली आन् टेशनाकडं चालत गेला. हाका मारल्या, बघितलं बी न्हाई."

साहेबरावांनी माझं मनगट इतकं घट्ट पकडलं की दुखलं. दौंडच्या रुळांवरून त्यांनी नोकरीत किती देह उचलले असतील, ते त्यांनाच ठाऊक.

आम्ही फलाटावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. जिथं फलाट संपतो आणि खडी सुरू होते, तिथं खाकी कपड्यातला एक माणूस रुळांकडं तोंड करून उभा होता. लांब सिग्नल पडला होता. गुर्जरांचीच गाडी येत होती.

मी ओरडणार होतो, साहेबरावांनी तोंडावर हात ठेवला. ते एकटेच पुढं गेले, घाई न करता, गाडीची वाट बघणाऱ्यासारखे. चांगदेवच्या आणि रुळांच्या मधे जाऊन उभे राहिले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"चांगदेव, फोटो मोडला तर न्हाई ना?"

चांगदेवनं सदऱ्याच्या आत हात घातला. रुमालात गुंडाळलेला फोटो त्याच्या छातीशी होता.

"फाडायला काढला व्हता, साहेबराव. न्हाई फाडवला."

"चल, मावशी आल्यात."

"त्येंच्या म्होरं नको! त्येंच्या म्होरं सोडून कुटं बी न्या!"

पण धुरपदाबाई पोचल्याच होत्या. चांगदेव फलाटावरच त्यांच्या पायाशी बसला आणि बांध फुटल्यासारखं बोलून गेला. "म्या काढला, काकी. त्याच दिशी. मी म्हणलं, परत उडायचंय, नको. त्यो म्हणला, आरं, उतरलोय की. मोह झाला मला. आदल्याच म्हैन्यात घेतलेला क्यामेरा. त्यो उडाला आन् घटकाभरात बातमी आली. तुमच्या पोराला म्या खाल्लं. आन् वर खोटं बोललो. आज ह्यांनी मोठा करतो म्हणलं, मला वाटलं आता समद्यांना कळंल कवाचा त्ये."

गाडीचा धूर दिसायला लागला होता. साहेबरावांनी फोटो माझ्या हातात दिला. "हौसराव, आता काच न्हाई. बगा."

मी भिंग लावलं. पंखाखाली काही नाही. विमानाच्या नाकाखालचे डाग काचेवरचे नव्हते, फोटोतलेच होते. नळ्यांच्या तोंडापासून मागं ओढलेले, काजळी धरल्यासारखे काळे पट्टे. मी तसंच सांगितलं.

"चांगदेव, त्या दिशी जादा टाक्या तू भरल्या?" साहेबरावांनी विचारलं.

"टाक्या नव्हत्याच. पोटातली तेवढी भरली."

"पळणाराही टाक्या सोडतो," गुर्जर हळूच म्हणाले. "विमान हलकं व्हायला. नुसत्या टाक्यांवरून मला ओळ बदलता येणार नाही."

"पळणारा गोळ्या झाडतो का, साहेब?"

"नाही." गुर्जरांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. "विमानाच्या नाकातल्या चारही तोफा डागल्यात. पण त्या कुणावर, हे फोटो सांगत नाही. साक्ष विंग कमांडरांची आहे. बदलायची तर त्यांनीच."

सगळ्यांच्या माना राजाध्यक्षांकडं वळल्या. गाडी फलाटात शिरली. माणसं चढायला-उतरायला लागली, हमाल ओरडायला लागले, आणि हा माणूस फोटोवर नजर लावून नुसता उभा. मला वाटलं, संपलं. पदक मिळालेला माणूस आता तोंड उघडणार नाही. मी मनातल्या मनात त्यांना जे जे म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"तो डावीकडं वळला," राजाध्यक्ष म्हणाले. ते आमच्याशी बोलत नव्हते. "माझ्या मागच्या विमानाच्या मागं जायचं तर डावीकडंच वळावं लागतं. मीच शिकवलं होतं त्याला ते. मी शिकवलं, आणि मीच पाहून ओळखलं नाही."

त्यांनी टोपी काढली. "मागचं आकाश रिकामं कसं झालं, हे मी चार वर्षं तोफवाल्यांच्या नावावर घातलं, कारण मला तेच सोयीचं होतं. त्या धावपट्टीवर जाऊन एका माणसालाही मी विचारलं नाही. गुर्जर, लिहा. कोरेकर अलग झाला तो राजाध्यक्षच्या पाठीवरचं विमान पाडायला. राजाध्यक्ष जिवंत उतरला तो त्याच्यामुळं. खाली माझं नाव घाला. पदकाचं काय करायचं ते मी वर कळवतो."

गुर्जरांनी फलाटावरच मसुद्यातली ओळ खोडली, नवी लिहिली, राजाध्यक्षांनी सही केली. त्यांची सही पार वेडीवाकडी आली. मग ते धुरपदाबाईंपुढं वाकले. म्हातारीनं त्यांना हात लावला नाही आणि दूरही लोटलं नाही. ललिता तोंडाला पदर लावून खांबाशी उभी राहिली होती. चार वर्षांत पहिल्यांदाच रडत असावी असं मला वाटलं.

"आणि चांगदेव," राजाध्यक्ष म्हणाले, "लढून आलेलं विमान कुठं ना कुठं दुखावलेलं असतं. ते पडलं त्या मारानं. तुझ्या कॅमेऱ्यानं नाही."

चांगदेवनं मान हलवली, पण त्याला पटलेलं दिसलं नाही. असल्या गोष्टी साहेबांनी सांगून पटत नाहीत. गाडीनं शिट्टी दिली, गुर्जर धावत चढले, आणि आमच्यापैकी कुणीही हात हलवला नाही. आम्ही सगळे म्हातारीकडं बघत होतो.

धुरपदाबाई खाली बसल्या, चांगदेवच्या समोर, मांडीला मांडी लावून. त्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"तू व्हतास त्येच्याजवळ? शेवटाला?"

"व्हय."

"आरं मेल्या, मग चार वर्सं माझ्यापास्नं पळत का व्हतास? मला वाटायचं, माझं लेकरू परक्या मुलखात एकलंच गेलं. कोन बोललं आसंल त्येच्यासंगं, कुनी पानी तरी दिलं आसंल का." त्यांनी हनुवटी सोडली नाही. "दिलंस का पानी?"

"दिलं. तांब्याभर पेला."

"काय म्हणला?"

"हसत व्हता, काकी. म्हणला, काढ बिगीनं, आन् आईला पाठवून दे."

"आईला म्हणला?"

"व्हय. आईला."

म्हातारीनं डोळे पुसले, चांगदेवचेही त्याच पदरानं पुसले. गाडी गेली, फलाट रिकामा झाला, दिवे लागले. साहेबराव मला बाजूला चहाला चला म्हणून खुणावत होते, पण माझा पाय निघेना.

"परत सांग," धुरपदाबाई म्हणाल्या. "इमान उतरलं तिथनं सांग. काय बी गाळू नकोस."